सर, यात मी कुठंय?

लातुरात दुकानात जाऊन ‘ऑइल पेंट’ मागितला, की पहिला प्रश्न येतो, ‘‘दार का ग्रील?’’

मी म्हणालो, ‘‘गंजगोलाई.’’

दुकानदारानं शेडकार्ड मिटलं. एरवी कितीही मोठी इमारत सांगा, तो बोटांवर लिटरांचा हिशेब करून देतो. पण अख्खी गोलाई म्हणजे टेंडरचं काम, आणि ते एका निवृत्त मास्तराच्या हाती लागलं कसं, हे त्याला कळेना. मी घाईनं खुलासा केला, की गोलाईला रंग लावायचा नाही, गोलाईचं चित्र काढायचंय. ‘‘मग ट्यूबवाले म्हणा की,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या नजरेतली माझी किंमत वीस लिटरच्या बादलीवरून चाळीस मिलिलिटरवर आली.

एकतीस वर्षं मी या शहरात दहावीला गणित शिकवलं. निवृत्त मास्तरानं पुढं काय करावं याबद्दल लातुरात दुमत नाही : क्लास काढावा. मी क्लास काढणार नाही म्हणालो, तेव्हा घरच्यांना वाटलं तब्येतीचं काहीतरी आहे. चित्रं काढणार म्हणालो, तेव्हा त्यांची खात्री पटली.

नवशिक्यानं जलरंगापासून सुरुवात करावी, असं चित्रकलेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लातुरात लिहिलेली नसतात. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्याकडं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती; टाकीपाशी पाचाहून जास्त जण जमले तर गुन्हा. एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या गावानं पाणी आगगाडीतून उतरताना बघितलं, त्या गावात माणूस ब्रश बुडवायला दोन पेले पाणी घेऊन बसला, तर शेजारी पेले मोजतात. तैलरंगाला पाण्याचा थेंब लागत नाही. कोरडवाहू कला म्हणतात ती हीच.

आता माझं चित्रकलेचं आधीचं शिक्षण. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड. आमच्या पिढीनं नारळ फक्त मारुतीसमोर फुटताना पाहिला होता, पण चित्रात तो झाडावर पाहिजेच. पुढं स्मरणचित्रात ‘बाजाराचे दृश्य’ आलं. त्यात एक फुगेवाला, एक तराजू आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई काढली की पास. इंटरमिजिएटच्या ‘ए’ श्रेणीला दहावीत सात वाढीव मार्क मिळायला लागले, तेव्हा पालक माझ्याकडं येऊन विचारत, ‘‘सर, सात मार्कांसाठी पोरानं चित्रं काढावीत का तेवढ्या वेळात भूमिती करावी?’’ मी काय सांगत होतो ते इथं लिहीत नाही. चित्रकलेचे सर अजून हयात आहेत.

असा मी मोने या फ्रेंच चित्रकारापर्यंत पोचलो ते एका जुन्या रद्दीतल्या पुस्तकातून, आणि अडकलो तो एका विनोदी लेखात. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला नादार नावाच्या फोटोग्राफरच्या रिकाम्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. पत्ता, ३५, बुलेव्हार दे कापुसीन. त्यात मोनेचं बंदरातल्या सकाळचं एक चित्र होतं, ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. आणि दुसरं होतं त्याच रस्त्याचं, वरून, खिडकीतून बघितल्यासारखं. खालची गर्दी म्हणजे नुसते काळे फराटे. लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं ‘ल शारिव्हारी’ या थट्टेखोर पत्रात या प्रदर्शनाची खिल्ली उडवली. त्याच्या लेखातला एक जुन्या वळणाचा चित्रकार त्या फराट्यांपुढं उभा राहतो आणि चिडून विचारतो, की मी रस्त्यानं चालतो तेव्हा असा दिसतो काय? त्याच लेखात लरुआनं या मंडळींना चिडवायला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. म्हणजे एवढ्या मोठ्या पंथाचं बारसं एका विनोदी लेखात झालं. विनोदी लेखांच्या हातून जगात घडलेल्या गोष्टींची यादी काही फार लांब नाही, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

मराठीत याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. हा शब्द मी गोलाईत एकदाच वापरला. ऐकणाऱ्यानं विचारलं, ‘‘कुणाचा गट?’’

ही हवा मुंबईपर्यंत आली होती. १९३० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर लँगहॅमर नावाचे ऑस्ट्रियन चित्रकार मुंबईला आले, टाइम्स ऑफ इंडियाचे कला संचालक झाले, आणि त्यांच्याकडं जाणाऱ्या तरुणांत रझा, आरा अशी पोरं होती. रझांनी त्या काळात मुंबईचे रस्तेही रंगवले. पण मुंबईहून लातूरला जे निघतं ते रात्रीच्या गाडीनं निघतं, आणि झोप लागल्यामुळं पुढं भलतीकडं जातं. तेव्हा ही जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

रंग सैल करायला जवसाचं तेल लागतं. मी लाकडी घाण्यावर गेलो. घाणेवाल्यानं विचारलं, ‘‘सांधे का कोलेस्ट्रॉल?’’

‘‘चित्र.’’

‘‘चित्राला काय झालंय?’’

चित्राला काही झालं नव्हतं, पण ते तेल वापरल्यावर झालं. खाण्याच्या जवसतेलात चोथ्याचा अंश राहतो. चित्रकाराचं तेल गाळून, शुद्ध करून घेतलेलं असतं. हे मला रंगांच्या दुकानात नंतर कळलं आणि बायकोला आधीच माहीत होतं, असं तिचं म्हणणं आहे. पण त्या निमित्तानं एक शोध लागला, आणि तो मी गावभर सांगितला. पांढरा तैलरंग बऱ्याच ठिकाणी करडईच्या तेलात घोटतात, कारण जवसाचं तेल कालांतरानं पिवळं पडतं, करडईचं तितकं पडत नाही. करडई! आमच्या वडिलांनी जी ज्वारीच्या कडेनं पेरली, काटे असतात म्हणून ढोरं आत शिरत नाहीत! जिची कोवळी भाजी खाल्ली, जिच्या तेलात आमच्या तीन पिढ्यांच्या फोडण्या झाल्या, जिच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग निघतो, आणि जिच्या एका वाणाला परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ असं एखाद्या नायिकेला शोभेल असं नाव दिलं! मराठवाड्याचं अर्धं रान म्हणजे तैलचित्राचा कच्चा माल, आणि आपण तो वर्षानुवर्षं वांग्यात घालून खाल्ला.

बायको म्हणाली, ‘‘वांगी चांगली झाली होती.’’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय आता सगळ्या रानात सोयाबीन आहे.

आता गोलाई. पॅरिसच्या विजयकमानीच्या चौकात बारा रस्ते येऊन मिळतात म्हणून फ्रेंच लोकांना फार अभिमान. आमच्या गोलाईला सोळा मिळतात. फय्याजुद्दीन या नगररचनाकारानं आराखडा केला, १९१७ साली ती दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली, मध्ये अंबादेवीचं मंदिर, आणि भोवती रस्ता-रस्त्याला वेगळा बाजार : कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. सोळा रस्ते, म्हणजे दर साडेबावीस अंशाला एक. गणिताच्या माणसाला भुरळ पडावी अशी ही जागा आहे, आणि चित्र काढणाऱ्यानं लांबूनच नमस्कार करावा अशी. कारण पर्स्पेक्टिव्हच्या धड्यात सगळ्या रेषा जाऊन एका बिंदूत लोपतात. गोलाईत असे सोळा बिंदू आहेत आणि प्रत्येक बिंदूवर टेम्पो आडवा लागलेला आहे.

रस्त्यात उभं राहून हे काढता येणार नाही, हे मला पहिल्या दिवशी एका हातगाडीनं समजावलं. खिडकी पाहिजे. मोठमोठ्यांनी तेच केलं. कामीय पिसारोला डोळ्यांचं जुनं दुखणं होतं, वारा-धूळ सोसत नसे. १८९७ साली त्यानं हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून एकाच बुलेव्हार मोंमार्त्रची चौदा चित्रं केली. सकाळचं, पावसातलं, रात्रीचं. हॉटेलचं भाडं मला परवडणारं नव्हतं, पण गोलाईत खिडकी मिळवणं लातूरच्या मास्तराला अवघड नसतं. कापड लाईनच्या तोंडाशी एक दुकान आहे, त्याचा मालक माझा विद्यार्थी. भूकंपाच्या वर्षीची बॅच. (आमच्याकडं काळ भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा असा मोजतात, ३० सप्टेंबर १९९३ नंतर कुणाला वेगळी कालगणना लागली नाही.)

‘‘बसा की सर, तुमचंच दुकान आहे,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त आपला बोर्ड तेवढा चित्रात येऊ द्या.’’

मी त्याला भूमिती समजावली. बोर्ड खिडकीच्या खाली आहे. ज्या खिडकीतून आपण बघतो, तिच्या खालचा बोर्ड त्या खिडकीतून दिसत नाही.

तो खिडकीत जाऊन वाकला, खात्री करून आला, आणि गंभीर झाला. ‘‘मग समोरच्याचा दिसतोय ना पण.’’

समोरच्याचा दिसत होता. समोर त्याचा चुलतभाऊ आहे, तोही कापडवाला, आणि दोघांत दिवाणी दावा आहे. खिडकी याची, चहा याचा, पंखा याचा, आणि जाहिरात त्याची. कोणताही व्यापारी हे सहन करणार नाही. दोन मिनिटं विचार करून माझा विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, ते तुमचं काय ते, पुसट-पुसट करायचं... ते त्याच्या बोर्डवर करा.’’

दृक्प्रत्ययवाद कशासाठी असतो, हे इतक्या थोडक्यात मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मी एप्रिलात सुरुवात केली, ही चूक. सावलीत काळा रंग घालायचा नाही, सावली निळी-जांभळी असते, हे या पंथाचं मोठं तत्त्व. पण त्यासाठी सावली पडलेली पाहिजे. लातूरच्या एप्रिलात बारा वाजता माणसाची सावली त्याच्याच चपलेखाली दबलेली असते. आणि गोलाईत जी चार-दोन हात सावली उरते तिच्यावर कुणाचा ना कुणाचा ताबा असतो : या पालाखाली कंगवे-पिनावाला, त्या छज्ज्याखाली घड्याळं दुरुस्त करणारा. गोलाईतली सावली ही रंगाची बाब नाही, भाडेपट्ट्याची बाब आहे. मी एका सावलीत जांभळा भरला, तर मागून आवाज आला, ‘‘सर, ती जागा आपली आहे, तिथं डाग कशाचा पाडला?’’

कारण तोवर मागं माणसं जमली होती. ‘‘काय करलालात सर?’’ हा प्रश्न लातुरात उत्तरासाठी विचारत नाहीत. समोर दिसतंय काय करतोय ते. विचारणाऱ्याला फक्त मी त्याच्याकडं बघावं एवढंच हवं असतं. मी वळून बघायचा, ओळखायचा, बॅच विचारायचा, वडील कसे आहेत विचारायचा, आणि परत खिडकीकडं वळेपर्यंत रस्त्यावरचा प्रकाश बदललेला असायचा. मोनेला प्रकाश बदलतो याचा फार त्रास होता म्हणतात. त्याला विद्यार्थी नव्हते.

डोळे किलकिले करून बघावं, म्हणजे बारीकसारीक तपशील गळतो आणि नुसते रंगाचे ठोकळे उरतात, अशी एक युक्ती आहे. मी तशी बघू लागलो. खालून जाणाऱ्यांनी हात केला, मी किलकिल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि हात केला नाही. संध्याकाळी घरी फोन सुरू झाले. ‘‘सरांना मोतीबिंदू झालाय म्हणे. आमच्या मामांचं परवाच झालं, टाकाबिका काही नाही.’’ मोनेला खरोखरच मोतीबिंदू झाला होता, बरीच वर्षं त्रास काढून १९२३ साली त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. माझं निदान गोलाईनं पहिल्याच दिवशी करून टाकलं.

पण खरी अडचण माणसांची होती. मोनेच्या रस्त्यावर एक फराटा म्हणजे एक माणूस, आणि ते पॅरिसला खपून गेलं, कारण खिडकीतल्या माणसाला खालच्यांपैकी कुणाच्या मुलीच्या लग्नाला जायचं नव्हतं. माझ्या प्रत्येक ठिपक्याला आडनाव होतं. मी एक पांढरा ठिपका दिला, धोतर-टोपीवाला कुणी शेतकरी म्हणून, तर मागचा म्हणाला, ‘‘हे आमचे अण्णा का? अण्णा एवढे जाड कुठायत?’’ दुसऱ्यानं ते अण्णा नसून रेणापूरकडचे कुणी तात्या असल्याचं सांगितलं, कारण अण्णा या वेळी अडतीवर असतात. तो ठिपका कोण आहे यावर दोन चहा झाले. मी म्हणालो, तो कुणीच नाही. यावर दोघंही एक होऊन माझ्याकडं बघू लागले. गोलाईत ‘कुणीच नाही’ असा माणूस फिरताना आजवर कुणी पाहिलेला नव्हता.

मग सुरू झालं, ‘‘सर, यात मी कुठंय?’’ रिक्षावाला विचारून गेला. रसवंतीवाला घुंगरं थांबवून वर आला. दोन पोरींनी सायकली कुठं लावल्यात ते दाखवून त्या चित्रात सापडेनात म्हणून तक्रार केली. लरुआच्या लेखातल्या म्हाताऱ्यानं तो प्रश्न एकदा विचारला आणि अजरामर झाला. इथं तासाला बारा म्हातारे येत होते, त्यातले निम्मे अकरावीतले.

पुण्याला कंपनीत असलेला एक जुना विद्यार्थी सुट्टीवर आला होता. हुशार, पण घाईचा. त्यानं हाताची घडी घालून चित्र पाहिलं, आणि ज्या क्षणाची तो वीस वर्षं वाट बघत असावा तो क्षण त्यानं वाया जाऊ दिला नाही.

‘‘सर, उत्तर आलंय बरोबर. पण स्टेप्स कुठायत?’’

मागं हशा पिकला.

‘‘नाक नाही, डोळे नाहीत, हात कुठून निघाला ते नाही. डायरेक्ट माणूस. तुम्ही आम्हाला असल्याला पाचपैकी दोन द्यायचा.’’

दीड द्यायचो मी. पण ते बोललो नाही.

नांदेडहून मेव्हण्याचा फोन आला तो याच काळात. ‘‘दाजी, लातुरात रंग कुठंय? सगळं डाळीच्या पिठाचं. इकडं या.’’ ही दोन शहरं आयुक्तालयावरून भांडली, रेल्वेगाडीवरून भांडली. आता रंगावरून भांडण सुरू करायला माझा मेव्हणा उतरला होता. मी जायचं ठरवलं. अर्धवट ओलं चित्र बरोबर घ्यावं लागलं, कारण ‘हे घरात ठेवून जाऊ नका, मी याला हात लावणार नाही आणि लागला तर बोलू नका’ असं घरून लेखी नसलं तरी स्पष्ट होतं.

ओलं तैलचित्र मांडीवर घेऊन एसटीनं प्रवास केलेला माणूस पुन्हा कशालाही घाबरत नाही. चाकूरपर्यंत निभावलं. अहमदपूरला एक आजोबा चढले, पांढरंशुभ्र धोतर, बहुतेक सोयरीक जुळवायला निघालेले. खड्डा आला. आजोबांच्या धोतरावर गोलाईची ईशान्य बाजू उमटली, मिरचीच्या ढिगासकट. इम्प्रेशन म्हणजे छाप, हा शब्दाचा मूळ अर्थ मला लोह्याच्या अलीकडं कळला. आजोबांनी धोतराकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘गोलाई हाय व्हय? मग असू द्या. आडतीवर चाललो होतो म्हणून सांगतो.’’ टर्पेंटाइननं डाग निघतो, पण आजोबा काढू देईनात.

नांदेडबद्दल मेव्हणा खोटं बोलला नव्हता. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर मी सकाळी सातला उभा राहिलो आणि पॅलेट हातात धरून नुसता बघत राहिलो. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधून घेतलेला तख्त सचखंड, त्याचे सोनेरी कळस, उंच केशरी निशाण, आणि खाली गर्द निळ्या बाण्यातले निहंग. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यातल्या रंगाई विभागाचे प्रमुख शेव्हरल यांनी १८३९ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून सिद्ध केलं, की निळ्याशेजारी नारिंगी ठेवला तर दोन्ही रंग जास्त पेटतात. इम्प्रेशनिस्टांनी तो धडा गिरवला. नांदेडला तो रोज सकाळी रस्त्यानं चालत जातो.

आणि मुख्य म्हणजे, मला कुणी ओळखत नव्हतं. लुधियाना, अमृतसरची यात्रेकरू कुटुंबं पुढून जात होती. गुलाबी चुन्न्या, पिवळ्या पगड्या, एका पोराच्या हातात लाकडी तलवार. एकानंही विचारलं नाही, की यात मी कुठंय. फराटा म्हणजे माणूस. माणूस गेला, फराटा राहिला. दोन तासांत चित्र होत आलं. एका स्थानिक काकांनी ‘‘काय करायलात?’’ विचारलं, मी ‘‘चित्र काढलालो’’ म्हणालो, तर ते म्हणाले, ‘‘लातूरचे का?’’ आणि पुढं गेले. फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका पोरानं मान वाकडी करून विचारलं, ‘‘चच्चा, ये धब्बे सूखे बाद आदमी बनते क्या?’’ प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, लांबून बघ. तो खरंच वीस पावलं मागं गेला, तिथून ओरडला, ‘‘बन गए!’’ आणि परत येऊन झेंडूचे हार ओवायला बसला. कलासमीक्षा तेवढ्यात उरकते हे मी लातुरात कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी लंगरात जेवलो. शेजारच्यांनी माझ्या बोटांवरचा निळा रंग पाहिला आणि आणखी एक फुलका वाढायला सांगितला. मेव्हणा खूश. चित्र माझ्या मतानं गोलाईच्या दुप्पट चांगलं झालं होतं. आणि मला करमेना. दोन तासांत एकानंही हरकत घेतली नाही, एकाही ठिपक्यावर चहा झाला नाही. हरकतीशिवाय काम करायची मला सवय नाही. एकतीस वर्षं दर मिनिटाला हात वर असायचा. ते चित्र मेव्हण्याच्या दिवाणखान्यात लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगतो, ‘लातूरच्या माणसाला इथं येऊन काढावं लागलं.’

मी गोलाई घेऊन परत खिडकीत.

तिथं वाळण्याचा प्रश्न उभा राहिला. तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. वरचा पापुद्रा काही दिवसांत धरतो, जाड थर असला तर आतलं महिनोन्महिने चालतं. आमच्या गावात विहिरी वाळतात, बोअर वाळतात, मांजरा नदी वाळते. एक माझं चित्र तेवढं वाळेना. आणि ओलं आहे तोवर जे उडेल ते चिकटतं. शेजारच्या लाईनीत मिरची फुटली, की पहिल्यांदा सगळ्या लाईनीला शिंका येतात आणि मग ती भुकटी येऊन गोलाईच्या आभाळावर बसते. मोनेनं समुद्राकाठी केलेल्या एका चित्रात वाळूचे कण सापडले, त्यावरून ते खरंच उघड्यावर बसून काढलं हे ठरलं. माझ्या चित्राची पुढं कुणी तपासणी केलीच, तर ते खमंग निघेल.

बोर्डाचा प्रश्नही सुटला. समोरच्या चुलतभावाच्या दुकानाला मोठी काच आहे. परावर्तनाचा नियम लावला तर आपल्या दुकानाचा बोर्ड त्या काचेत दिसायला हवा, आणि दिसत होता. मी तो तिथं काढला, नियमानुसार उलटा, पण ठसठशीत. विद्यार्थी बराच वेळ बघत राहिला.

‘‘उलटा का?’’

‘‘आरशात उलटाच दिसतो.’’

‘‘पण आहे त्याच्या काचेवर.’’

‘‘हो.’’

‘‘त्याच्या दुकानात माझा बोर्ड.’’ त्यानं खाली आवाज देऊन स्पेशल चहा मागवला. दावा अजून चालू आहे. पण निकालाची घाई त्याला आता राहिलेली नाही.

चित्र वाळेपर्यंत तिथंच भिंतीला टेकवून ठेवलं. गोलाई टप्प्याटप्प्यानं येऊन बघून गेली. अण्णा स्वतः आले, आपला ठिपका पाहिला, आणि वजन कमी केलं पाहिजे म्हणून गेले. तात्यांच्या घरचेही तोच ठिपका पाहून समाधानानं गेले. मी आता काही बोलत नव्हतो.

शेवटी जिना चढून लिंबंवाली आजी आली. ती याच दुकानाच्या पायरीवर, बोर्डाच्या बरोब्बर खाली बसते. हिरवं लुगडं, पुढं पोत्यावर लिंबांचे ढीग. मी दहावीचा पहिला वर्ग घेतला तेव्हाही बसत होती. ‘मी कुठंय’ असं तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही तिला चित्रात घेतलं नाही, कारण ज्या खिडकीतून आपण बघतो तिच्या खालचं दिसत नाही, ते मघाशी सांगितलंच.

आजीनं कमरेवर हात ठेवून चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळे किलकिले केले. मग उजव्या कोपऱ्यातल्या एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. रंग तिथं वाळलेला होता, नशीब.

‘‘ही मी.’’

तो कलिंगडाचा गाडा होता. मी हो म्हणालो.

‘‘बरी आली,’’ ती म्हणाली. ‘‘पण माझी लिंबं कुठंयत?’’

मी ब्रश पुसला, पिवळ्याची ट्यूब मागून दुमडत आणून उरलंसुरलं काढलं, आणि कलिंगडाच्या गाड्यापुढं तीन टिंबं टेकवली.

‘‘तीन?’’ आजी म्हणाली. ‘‘सर, मी दहाला चार देते.’’